आण्णांचा माग, मामीची चाती आणि माझा रेकॉर्डर

माझं आजोळ माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. आजोळची माणसं सणगर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारी. आईचे चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, ते त्या घरातले शेवटचे विणकर. त्यांनी माग बंद केला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ‘आण्णांचं सगळं एकदा रेकॉर्ड करून ठेवायला पाहिजे’ असं प्रत्येक लग्नात, प्रत्येक यात्रेत कुणी ना कुणी म्हणायचं आणि पंगत उठली की विसरायचं. थोडक्यात भिजत घोंगडं. आण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना पुन्हा सूत न्‌ सूत दिसायला लागलं, तेव्हा आई म्हणाली, “आता तूच कर. तुझं पुस्तकांचंच काम आहे ना?”

माझं काम पुस्तकांचंच आहे. साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोंदी करते. मौखिक इतिहास हा प्रकार मला वाचून माहीत होता. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या हजारावर गावांतून गोळा केल्या, त्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहात ऐकता येतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा इतिहास गिरणी कामगारांच्याच तोंडून नोंदवून ठेवला. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक तर आमच्याच भागातल्या धनगरांच्या वाड्यांवर टेप घेऊन हिंडला, बिरोबाच्या, म्हस्कोबाच्या ओव्या ऐकत. पण गाणं टेपवर धरणं वेगळं आणि हातातलं काम धरणं वेगळं. गाणं तोंडातून येतं. घोंगडी तोंडातून येत नाही, हे मला पहिल्याच बैठकीत कळलं.

पहिल्या दिवशी आण्णा पांढरं धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले होते. शेजारचे दोघेतिघे ‘मुलाखत’ बघायला आले होते. मी रेकॉर्डर सुरू केला आणि आण्णांचा आवाजच बदलला. एरवी माणदेशी बोलणारा माणूस एकदम आकाशवाणीवर बसल्यासारखा शुद्ध बोलायला लागला. “त्या काळामध्ये आमचा व्यवसाय अत्यंत भरभराटीचा होता. लोक फार प्रामाणिक होते.” घोंगडी कशी करतात विचारलं तर म्हणाले, “प्रथम लोकर आणायची, मग ती पिंजायची, मग सूत कातायचं आणि मग विणायचं.” झालं. पन्नास वर्षांचं काम चार क्रियापदांत संपलं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आज मला ऐकावंसं वाटतं ते आण्णांचं बोलणं नाही, आतून येणारा मामीचा आवाज. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती मधूनमधून बोलत होती. “कसली भरभराट? उधारीनं जीव गेला की.” “आन्‌ सूत काय आपोआप कातायचं व्हय?” एकदा तर भाकरी तव्यावर टाकून पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “त्यास्नी इचारू नगंस. लोकर घरात आली की इनायला बसंपातूर त्यांचा संबंध काय?” आण्णा म्हणाले, “तू गप.” ओट्यावरची माणसं हसली. मी दुसरा माइक पिशवीतून काढला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला.

यावरून माझं सगळं वेळापत्रक बदललं. घोंगडीवर मराठीत जे थोडंफार लिहिलेलं सापडतं त्यात विणकर दिसतो, माग दिसतो, मेंढपाळ दिसतो. सूत कातणारी बाई ओळी-दोन ओळींत उरकलेली असते. मामीच्या हिशेबाने एक माग रोज चालायचा तर त्याला चार-पाच बायकांचं सूत लागायचं. घरातल्या बायका, शेजारणी, कातून देणाऱ्या म्हाताऱ्या. आण्णांच्या आईचं नाव गावात कुणाला आठवत नाही, पण ‘बारीक कातणारी म्हातारी’ म्हटलं की जुनी माणसं लगेच ओळखतात.

बसून विचारण्यात अर्थ नाही, काम करायला लावायचं, हे नक्की झालं. मग माग काढायला हवा होता. आमच्याकडचा माग म्हणजे खड्डामाग. जमिनीत खड्डा, विणकर त्याच्या काठावर बसणार, पाय खड्ड्यात सोडून खालच्या फळ्या दाबणार. खड्डा होता, पण त्यावर फळ्या टाकून ज्वारीची पोती रचलेली, शेजारी जुना कूलर. आण्णांच्या नातवाने आणि मी पोती हलवली. खालून निघालं ते असं: दोन तुटके धोटे (आडवं सूत इकडून तिकडं नेणारे), उंदरांनी कुरतडलेल्या दोऱ्या, एका निवडणुकीचा फाटका झेंडा आणि मामीची हरवलेली म्हणून घोषित झालेली पितळी पळी, जिच्यावरून म्हणे एका सुनेशी बरेच दिवस अबोला होता. लाकडी सामान माळ्यावर होतं. ते खाली उतरवताना आण्णा प्रत्येक तुकड्याला हात लावून सांगत होते: हा बाभळीचा, हा वडिलांनी केलेला, हा म्हसवडच्या सुताराकडून, त्याने पैसे जास्त लावले म्हणून भांडण झालेलं. या माळ्याखालच्या तासाभराच्या टेपमध्ये ओट्यावरच्या मुलाखतीपेक्षा दसपट माहिती आहे. माणसाच्या हातात वस्तू दिली की प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

आता लोकर. ही तर मला सोपी वाटली होती, कारण माण, आटपाडी, जत हा सगळा मेंढरांचाच मुलूख. पण घोंगडीला दख्खनी मेंढीची लोकर लागते, जाड, राठ, बहुतेक काळी. अलीकडं लोकांचा ओढा मांसाकडे आहे, त्यामुळे जत भागातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या वाढल्या. उंच, लालसर-पांढऱ्या, वजनाला भारी, अंगावर लोकर मात्र नावाला. आणि जिथं दख्खनी आहे तिथं लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. मी ज्या मेंढपाळाच्या वाड्यावर गेले, तो हसून म्हणाला, “लोकर व्हय? न्या की. आमी वड्यात टाकतोय.” वर्षातून दोनदा कातरायचं, नाहीतर जनावर उन्हानं, पावसानं हैराण होतं, आणि कातरलेलं फेकून द्यायचं. दोन पोती लोकर त्याने फुकट दिली, वर चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. वाड्यावर निवांत रेकॉर्डिंग करू देशील का विचारलं तर म्हणाला, “आता नगं, कोकणातनं आल्यावर बगू.” दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडं जातात, लोकांच्या शेतात मेंढ्या बसवतात, त्याबदली धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे आमच्या साखळीतला पहिला दुवा अजून नोंदवायचा राहिलेलाच आहे.

मामीने पोतं उपडं केलं, दोन मुठी उचकल्या आणि नाक मुरडलं. कुसळं, गोखरू, लेंड्या, ते तर असणारच. तिची तक्रार वेगळी होती. “ह्यात जावळ न्हाय.” कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ लोकर. पूर्वी जावळाची घोंगडी वेगळी, तिची किंमत वेगळी, जावयाला द्यायची ती हीच. मग ती अंगणात बसली आणि काळी एका बाजूला, करडी एका बाजूला, जाड एकीकडं अशी निवड सुरू केली. ती बोलत होती ती मला उद्देशून नाही, सुनेला आणि शेजारणीला, आणि ते मला हवंच होतं. रेकॉर्डर मी सुपात ठेवला होता. तिचा हात लोकरीतून फिरताना होणारा आवाजही त्यात आला आहे.

कातताना मी मुद्दाम तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, मला शिकव. माझ्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, दिला. दोन वेळा सूत तुटलं, तिसऱ्यांदा दोरखंडासारखं जाड झालं. ती वैतागली. तिच्या वैतागातच मला तिचं ज्ञान सापडलं. ‘सूत कसं कातायचं’ या प्रश्नाला ती कधी उत्तर देऊ शकली नसती. “हात कसा चालतोय त्ये हाताला ठावं” एवढंच तिने आधी सांगितलं होतं. पण मी काततेय ते चुकतंय म्हटल्यावर तिला नेमकं काय चुकतंय ते बोलावंच लागलं. “ताण्याला आसलं सूत चालत न्हाय. पीळ कमी पडलाय. हे बग.” तिने स्वतःच्या चातीवरचं, म्हणजे सूत गुंडाळलं जातं त्या चरख्याच्या टोकदार कांबीवरचं, सूत वीतभर ओढलं आणि दोन्ही टोकं जवळ आणली. सूत ताबडतोब स्वतःभोवती वळून उभं राहिलं. मग माझं सूत तसंच धरलं, ते मऊ होऊन खाली लोंबलं. म्हणाली, “ह्ये आडव्याला चालंल. उभ्याला ह्यो वळ पायजे.” मी ते सहा-सात वेळा करून घेतलं, जवळून चित्रीकरण केलं. उभ्या ताण्याला जास्त पीळ आणि आडव्या सुताला कमी, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण चरख्यावर बसलेल्या बाईने पीळ पुरेसा झाला का हे क्षणात कसं ओळखायचं, ते या वीतभर सुतात आहे.

ही युक्ती मग मी सगळीकडे वापरली. विचारायचं नाही, करायचं, आणि त्यांना रागवू द्यायचं.

खळीच्या वेळी ती सगळ्यात जास्त कामी आली. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करतात आणि ती ताण्याला लावतात. लोकरीचं सूत एकेरी, खळ नसेल तर मागावर घासून तुटतं. शिवाय नवी घोंगडी जी ताठ, करकरीत असते ती या खळीमुळेच. आण्णांना विचारलं, खळ किती वेळ शिजवायची? “अंदाजानं.” पाणी किती? “लागंल तेवडं.” मी पातेलं चुलीवर ठेवलं आणि स्वतःच ढवळायला घेतलं. आण्णा ओट्यावरून नुसते बघत होते. थोड्या वेळाने मी पातेलं उतरवायला गेले तसे ओरडले, “आगं आगं, कच्ची हाय ती! पळी उलटी कर. मागच्या बाजूला चिकटून ऱ्हायली पायजे. पळायला लागली तर सुताला धरत न्हाय, आन्‌ गोळा झाली तर सुतावर बसती.” पळी तीच, पितळी, खड्ड्यात सापडलेली. वास मात्र असा की शेजारचं घर दार लावून बसलं.

खळ लावायला ताणा लांब पसरावा लागतो. पूर्वी तो गल्लीत पसरायचे, पहाटे, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. दोघांनी दोन बाजूंनी कुंचा, म्हणजे खळीचा मोठा ब्रश, ओढत जायचं, वरून आणि खालून, सुतं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. आता गल्ली सिमेंटची आणि प्रत्येक दारात मोटरसायकल. आम्ही ताणा लावला आणि अर्ध्या तासात दुधाचा टेम्पो आला. ताणा सोडता येत नाही, टेम्पो मागं घेता येत नाही. आण्णांनी टेम्पोवाल्या पोराला तिथंच अडवून घोंगडी म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, तोही इंजिन बंद करून ऐकत बसला. आण्णा त्याला जे बोलले ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते: बापाने पहिल्यांदा कुंचा हातात दिला तेव्हाचा मार, थंडीत खळीने फुटलेली बोटं, ताणा लावलेला असताना गल्लीतून अंत्ययात्रा आली तर काय करायचं याचा रिवाज. माझा माइक तेव्हा माझ्या ओढणीला होता, आवाज थोडा लांबून आलाय, पण आलाय.

विणण्याचं चित्रीकरण कसं करायचं यावर मी बराच विचार केला होता, कारण यूट्यूबवर हातमागाचे जे व्हिडिओ असतात ते बहुतेक समोरून घेतलेले. दिसायला छान. पण त्यावरून शिकायला गेलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि पाय तर दिसतच नाहीत. म्हणून एक फोन आण्णांच्या उजव्या खांद्यामागे उंचावर बांधला, म्हणजे बघणाऱ्याला हात जसे स्वतःचे दिसतील तसे दिसावेत. दुसरा फोन खड्ड्यात, काठीला बांधून, शेजारी टॉर्च. खड्ड्यातला व्हिडिओ बघायला कंटाळवाणा आहे, दोन काळी पावलं आणि दोन फळ्या. पण आण्णांच्या नातवाने तोच पुन्हा पुन्हा बघितला. धोटा हाताने फेकायचा, तो पलीकडच्या हातात पोचायच्या आधीच पाय बदलायला सुरुवात झालेली असते. हे आण्णांनासुद्धा माहीत नव्हतं. त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “बगा की, पाय शानं हाय माज्यापेक्षा.”

आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर मागाच्या चौकटीला चिकटवला होता. आण्णांना आता ऐकायला कमी येतं, तरी आडवं सूत घट्ट बसवणारा ठोका सैल बसला की ते थांबायचे. कसं कळलं? तर लाकडातून बुडाला कळतं. मला मात्र हेडफोन लावून, जवळच्या रेकॉर्डिंगमध्ये, घट्ट ठोका आणि सैल ठोका यातला फरक ऐकू येतो, आणि तो शिकणाऱ्यालाही येईल. शहाणपणाची एक गोष्ट इथं सांगते: पंखा, फ्रिज आणि मालिका बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नये. पंखा बंद करायला लोक तयार होतात, मालिका बंद करायला होत नाहीत. मी शेवटी मामीच्या मालिकेची वेळ टाळूनच बसायला लागले.

तारखांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. आण्णांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून आहे, म्हणजे शाळेत गुरुजींनी घातलेली. “किती साली?” हा प्रश्न मी पहिल्या बैठकीनंतर सोडूनच दिला. त्याऐवजी ठळक घटना घ्यायच्या. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट, आमच्या भागातल्या त्या वयाच्या सगळ्यांना आठवते. भूकंपाच्या वेळी आण्णांचे पाय मागाच्या फळ्यांना नुकते पोचायला लागले होते, पहाटे भांडी पडली तेव्हा ते खड्ड्याशेजारीच झोपलेले होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली लग्न. मोठा भाऊ आधीच मुंबईला गिरणीत गेलेला, तो १९८२च्या संपानंतर परत आला आणि पुन्हा मागावर बसायला लाजला. या खुंट्यांना बाकीच्या गोष्टी टांगता येतात. अगदी घोंगडीचे भावसुद्धा: ‘भूकंपाच्या टायमाला एवढ्याला जायची, संपाच्या टायमाला एवढ्याला.’

दुष्काळावर मी प्रश्न काढले नव्हते. घोंगडीबद्दल विचारायला गेले होते. पण खळीवरून विषय निघाला. आण्णांचं म्हणणं, बहात्तरला माग बंद पडला कारण लोकर मिळेना, मेंढरं मेली किंवा लांब गेली. मग सगळे दुष्काळी कामावर गेले, पाझर तलावाची माती, रस्त्याची खडी. तिथं सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मामी म्हणाली, माग लोकरीनं बंद नाही पडला, खळीनं पडला. “घरात चिंचोक्याचं पोतं व्हतं खळीसाठी. त्ये भाजून आमी खाल्लं. सासूनं रोज मोजून द्यावं. खळच न्हाय तर इनतुया कशानं?” आण्णा म्हणाले, असं काही नव्हतं, थोडे खाल्ले असतील पोरांनी. मामी गप्प बसली आणि मग शांतपणे म्हणाली, “तुमाला कुटं ठावं? तुमी खडीवर व्हता. खाल्लं आमी.”

दोन्ही मी तसंच ठेवलंय. कुणाचं खरं हे ठरवायला मी न्यायाधीश नाही, आणि दोन्ही खरं असायला काहीच हरकत नाही. लोकर खरोखरच मिळत नसेल आणि चिंचोकेही खरोखरच संपले असतील. पण घरात राहिलेल्या नव्या सुनेला दुष्काळ कसा दिसला आणि खडी फोडायला गेलेल्या नवऱ्याला कसा दिसला, हे एकाच टेपवर, एकमेकांना तोडत, आहे. नोंद करताना कुणाला एकेकटं बसवावं आणि कुणाला जोडीनं, याचा नियम सांगतात की एकेकटंच बसवा. माझा अनुभव असा की नवरा-बायकोला आधी वेगवेगळं ऐका आणि मग एकत्र बसवा. भांडतील, पण भांडताना तपशील देतात.

संमतीचा मामला नाजूक होता. छापील संमतीपत्र मी नेलं होतं, सगळे नेतात तसं. कागद बघून आण्णांचा चेहराच उतरला. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाने सही करायची म्हणजे एक तर कर्ज, नाहीतर सातबारा. थोरली सून लगेच बाहेर येऊन उभी राहिली. मी कागद पिशवीत घातला आणि रेकॉर्डर सुरू करून त्यांना विचारलं, हे कुणी ऐकलं तर चालेल? नातवंडांनी? गावातल्यांनी? अनोळखी माणसांनी? प्रत्येकाचं उत्तर त्यांनी वेगळं दिलं. संमती अशी तोंडी आणि तुकड्यातुकड्याने घेतली की माणूस खरं बोलतो. अनोळखी माणसांना त्यांची हरकत नव्हती, भावकीला होती. एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीचा आणि त्यापायी गेलेल्या जमिनीच्या तुकड्याचा भाग त्यांनी सांगितला, सविस्तर सांगितला, आणि शेवटी म्हणाले, “ह्ये मी हाय तवर कुणाला ऐकवायचं न्हाय.” तो भाग वेगळ्या फायलीत आहे, नावही सांकेतिक ठेवलंय, आणि त्यात काय आहे ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. ती अजून विचारते.

मग सगळ्यात रटाळ काम, उतरवून काढणं. एक तास बोलणं लिहून काढायला सलग आठ-दहा तास जातात, कधी जास्त. मोबाइलमधलं आपोआप लिहिणारं यंत्र वापरून पाहिलं. ते आण्णांच्या ‘खळ’चं ‘कळ’ करतं, ‘जावळ’चं ‘जवळ’, आणि मामी बोलायला लागली की हातच टेकतं. हातानेच लिहिलं, माणदेशी होतं तसंच ठेवलं. कॉलेजातल्या एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं की प्रमाण मराठीत आणा, म्हणजे सगळ्यांना कळेल. मला ते पटलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि हवं तर समासात अर्थ देता येतो. पण एकदा ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं की मामी त्यातून उठून जाते.

सगळंच उतरवून काढायच्या फंदात मात्र पडू नये. मी प्रत्येक फायलीची मिनिटावार यादी केली: अमुक मिनिटाला कुंचा, अमुक मिनिटाला भूकंप, अमुक मिनिटाला भांडण. कामाची रेकॉर्डिंग्ज तर उतरवण्यासारखी नसतातच, त्यात बोलणं कमी आणि ठोके जास्त. मूळ आवाज न दाबलेल्या वेव्ह फायलींत ठेवला, तीन ठिकाणी: माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर, ऑनलाइन साठ्यात आणि एक पेन ड्राइव्ह आण्णांच्या घरी, साखरेच्या डब्याशेजारच्या डब्यात, कारण तो डबा कुणी फेकत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग म्हणजे जतन नव्हे, हे नातेवाइकांना समजावता समजावता माझा घसा बसला. फोन बदलला की गेलं.

एक जाहीर तक्रारही नोंदवते. घोंगडी आता पुन्हा विकली जाते, ऑनलाइन, चांगल्या किमतीला, आणि ते चांगलंच आहे. पण जाहिरातीत पाठदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळे रोग तिच्यावर झोपल्याने बरे होतात असं लिहिलेलं असतं. आण्णांना मी ते वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. “आमची कंबर घोंगडीनंच गेली की गं!” ही टेप मी मुद्दाम उघडी ठेवली आहे.

विणलेली घोंगडी पूर्ण झाली, पण आण्णांच्या मते ती विकायच्या लायकीची नाही. कडा एका बाजूला ओढली गेलीय, कारण अर्धं सूत माझं आणि नातवाचं. नातू नेमानं विणतो असं नाही. तो बारामतीला एमआयडीसीत नोकरीला आहे, सुट्टीला आला की खड्ड्यात पाय सोडून बसतो, दहा-पंधरा बोटं विणतो, उठतो. आण्णा त्याला काही बोलत नाहीत. मामी बोलते.

सध्याचा वाद फायलींच्या नावांवरून आहे. मी सगळ्या फायली आण्णांच्या नावाने ठेवल्या होत्या, सोयीसाठी. मामीला यादी वाचून दाखवली तेव्हा तिने बोटावर मोजलं: निवड तिची, पिंजण तिची, कातणं तिचं, खळ निम्मी तिची. म्हणाली, “मग आदी नाव कुणाचं पायजे?” आण्णांचं म्हणणं, घोंगडं कुणी विणलं ते बघा. मी नावं बदलली आहेत. कातण्याच्या सगळ्या फायली आता मामीच्या नावाने सुरू होतात, मागाच्या आण्णांच्या, आणि खळीच्या फायलींचं अजून ठरत नाही.